सवलतीची किंमत कोण मोजणार?

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. ‘कॅथलिक म्हणून मी एका बाजूला आणि वकील म्हणून दुसऱ्या बाजूला उभी आहे’ हे तुझे वाक्य मला मुळीच मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हे उत्तर लिहीत आहे.

धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) अनुदानित शाळेतील गणिताच्या एका कायम शिक्षिकेने घटस्फोटानंतर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने पुन्हा लग्न केले. व्यवस्थापनाला त्यातून ख्रिस्ती विवाहाच्या शिकवणीचा अवमान झाल्यासारखे वाटते, आणि तिची सेवा संपवण्याच्या आदेशाला घटनेच्या अनुच्छेद ३० चा, म्हणजे अल्पसंख्याकांच्या स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याच्या हक्काचा, आधार देणारा मसुदा तुझ्या सीनियरनी तुझ्यावर सोपवला आहे. विवाह अविच्छेद्य आहे ही शिकवण जशी तुझी तशीच माझीही आहे, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही.

मी एवढ्या वर्षांच्या वकिलीत एकच प्रश्न धरून ठेवला. धार्मिक स्वातंत्र्याच्या नावाने कोणी समान कायद्यातून सवलत मागू लागला, की त्या सवलतीची किंमत कोण मोजणार? मागणारा स्वतः मोजणार असेल तर मी त्याच्या बाजूने शेवटपर्यंत लढेन. ती जर अशा तिसऱ्या माणसाच्या पगारातून वसूल होणार असेल, ज्याला त्या व्यवहारात तोंड उघडायलाही जागा नाही, तर मागणारे बिशप असले तरी मी ते वकीलपत्र घेणार नाही.

तू अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या १९७४ च्या निकालावर फार विसंबली आहेस. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या त्या पीठाचा निकाल मोठाच आहे, पण तो नीट वाच. न्यायालयाने तिथे जे मोडून काढले, त्यातले तुझ्या कामाचे म्हणजे अल्पसंख्याक संस्थेने एखाद्याला सेवेतून काढण्यापूर्वी कुलगुरूची मंजुरी घेण्याचे मोघम बंधन होते. शिक्षकाचे म्हणणे ऐकून घेण्याच्या बंधनावर तसा आक्षेप नव्हता. पुढे १९८६ मध्ये फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळेतील शिक्षकांनाही वेतन व सेवाशर्तींचे संरक्षण दिले. आणि आपल्या महाराष्ट्राचा १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा तर तुझ्या टेबलावरच असेल; त्याचे कलम ३ पोटकलम २ तुझ्या पत्रात कुठेच कसे नाही? अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने नावे कळवलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्ती, एवढ्यांचीच भरती त्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. शाळेचे कॅथलिकपण टिकवायला कोणाची निवड मोकळेपणाने करता आली पाहिजे, याचा विधिमंडळाने केलेला तो हिशेब आहे. संस्थेचे स्वत्व ज्यांच्या हाती आहे त्यांच्या निवडीत शासनाने पडू नये, हे मला मनापासून पटते. पण वर्गमूळ शिकवणारी कायम शिक्षिका त्या यादीत कशी बसते?

परदेशातल्या निकालांचा तू ढीग लावला आहेस, त्यातल्या एकाविषयी मला राग आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील दोन कॅथलिक शाळांच्या बाजूने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. त्यातल्या एका शिक्षिकेचा दावा असा होता, की स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी रजा लागेल असे सांगितल्यावर तिचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. शाळेने ते नाकारले, पण तिला काढण्यामागे धर्मश्रद्धेचे कारण आहे असे शाळेचेही म्हणणे नव्हते. ती वर्गात धर्मशिक्षणही देत असे, एवढ्यावर तिचा दावा ऐकण्याचे दारच बंद झाले. निकाल लागला तेव्हा ती हयात नव्हती. त्या स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजली, हे तूच सांग. आपल्या श्रद्धेचा ज्यात प्रश्नच नव्हता अशा ठिकाणी तिची ढाल पुढे करणे मला श्रद्धेचा अपमान वाटतो.

माझा प्रश्न नेहमीच सोपे उत्तर देतो असे मात्र समजू नकोस. ब्रिटनमध्ये २००७ च्या नियमांनी दत्तक संस्थांना समलिंगी जोडप्यांना नाकारण्यास मनाई केली आणि कॅथलिक संस्थांना २००८ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. काही संस्थांनी ख्रिस्तसभेशी नाते तोडले, काहींनी काम थांबवले, आणि लीड्सची कॅथलिक केअर ही दत्तक संस्था २०१२ पर्यंत झगडून हरली. पुढे आलेल्या २०१० च्या समता कायद्याने धर्मगुरुपद केवळ पुरुषांकडे ठेवण्याची मुभा मात्र ख्रिस्तसभेला दिलीच, हे आपले लोक सांगायला विसरतात. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या खटल्यात २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निराधार मुलांसाठी तात्पुरते पालक निवडणाऱ्या आणि समलिंगी जोडप्यांना मान्यता न देणाऱ्या कॅथलिक संस्थेला एकमताने कौल दिला. शहराच्या करारातच अधिकाऱ्याला मर्जीने अपवाद करण्याची मुभा होती, हे त्याचे कायदेशीर कारण. मला मात्र महत्त्वाची वाटली ती वस्तुस्थिती वेगळी आहे: शहरात तेच काम करणाऱ्या वीसहून अधिक संस्था होत्या, आणि एकही समलिंगी जोडपे या संस्थेकडे आलेच नव्हते. किंमत मोजणारा तिसरा माणूस तिथे समोर उभाच नव्हता. आपल्याकडे २०१५ मध्ये एकट्या पालकांनाही दत्तक देण्याचे नवे नियम आले, तेव्हा मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टरांनी नियमाला वळसा न घालता दत्तक देण्याची मान्यताच सोडली. त्यांच्या निर्णयाशी मी सहमत नाही, तरी त्यांच्यापुढे मान लववते, कारण आपल्या सदसद्विवेकाची किंमत त्यांनी दुसऱ्या कोणाच्या खात्यावर टाकली नाही. मुलांच्या वाट्याला त्यातून काय आले असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

तू लिहितेस, की समतेचे कायदे आपल्या धर्मावर चालून येत आहेत. मुली, हे वाचून मी चिडले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला केवळ व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. माझ्या एका अशिलाचा नवरा दुसऱ्या बाईकडे राहतो हे सारा धर्मग्राम जाणत होता. पण त्याने हिच्यावर कधी हात उगारला नव्हता आणि अधूनमधून तो घरी येई, म्हणून तुझा अर्ज टिकणार नाही असे मला तिला तोंडावर सांगावे लागले. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि आपल्या मुंबईच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये तो भेद घटनाबाह्य ठरवला, २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तोवर ती वारली होती. तिला सोडवू शकला असता तो समतेचाच अनुच्छेद. आणि ख्रिस्ती माणसाच्या धर्मादाय मृत्युपत्रावर जाचक अटी घालणारे वारसा कायद्याचे ११८ वे कलम २००३ मध्ये रद्द झाले, तेही केरळमधील एका कॅथलिक धर्मगुरूंनी समतेचा तोच अनुच्छेद १४ घेऊन सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले म्हणून. तो अनुच्छेद जेव्हा आपल्याला हवा असतो तेव्हा आपला, आणि शिक्षिकेने हाती घेतला की परका, असे चालणार नाही.

मी अशी कामे नाकारली, त्यामुळे एका विश्वस्त संस्थेचे काम माझ्याकडे पुन्हा आले नाही, आणि मिस्सेनंतर चर्चच्या आवारात माझ्याशी बोलणे टाळणारी माणसे अजून आहेत. ती माणसे गमावल्याचे दुःख मला आहे. तरीही मी ख्रिस्तसभेच्या विरोधात गेले हे मी कधीच मान्य करणार नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धार्मिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, तो माणसाच्या प्रतिष्ठेवर उभा आहे, आणि हे स्वातंत्र्य वापरताना व्यक्तींनी व समूहांनी इतरांच्या हक्कांचा मान राखावा असे त्याच जाहीरनाम्यात आहे. किंमत कोण मोजणार, हा प्रश्न मी तिथूनच उचलला आहे.

आता कामाचे. सीनियरना सांग, की धर्मशिक्षणाचे वर्ग किंवा वेदीवरील वाचन त्या शिक्षिकेकडे असेल, तर ते काढून घेण्याचा व्यवस्थापनाचा अधिकार राखणारा मसुदा मी आनंदाने करीन. गणिताचा तास आणि पगार काढून घेणारा करणार नाही. व्यवस्थापनाला हेही कळू दे, की रीतसर चौकशी समितीशिवाय काढलेला आदेश शाळा न्यायाधिकरणात टिकणे कठीण आहे, आणि १९७७ च्या त्याच कायद्याच्या कलम ९ खाली तीस दिवसांत तिचे अपील येईलच. त्यांना तरीही हट्टच करायचा असेल, तर तू या कामातून बाजूला हो. सीनियर काय म्हणाले ते रविवारच्या आत कळव. मी मरोळलाच आहे, मसुदा घेऊन आलीस तर कलमवार बसून पाहू.

तुझी,
जुनी वकील