पोच घेतलीस का?

प्रिय पोरी,

जय ख्रिस्त.

पाळकसाहेबांनी तरुण संघ तुझ्याकडे सोपवल्याचं कळलं. मागोमाग तुझा निरोपही आला, "काका, पोरांना समाजसेवेचं प्रशिक्षण द्यायचंय, काय काय करू ते लिहून पाठवा." आपल्या चर्चच्या मंडळीत प्रशिक्षण म्हणजे बॅनर, प्रोजेक्टर, बाहेरून आणलेला वक्ता आणि शेवटी व्हेज पुलाव. मीही अशी पुष्कळ भरवली. पुलाव चांगला व्हायचा.

२६ जुलै २००५ च्या पावसानंतर आम्ही जुने कपडे गाठोड्यांत बांधून टेम्पोने नवी मुंबईतल्या दिघ्याच्या एका वस्तीत गेलो होतो. एका बाईंनी गाठोडं सोडलं, तर वरच लग्नातला सुटाचा कोट. त्यांनी तो नीट घडी करून परत ठेवला आणि विचारलं, "रेशनकार्डाचा लगदा झालाय, नवीन कुठं मिळतं?" आमच्यात चार जण बी.कॉम. झालेले. एकालाही सांगता आलं नाही. तो कोट आम्ही परत आणला.

म्हणून पहिले तीन रविवार उपासनेनंतर पोरांना दिघ्याच्या वस्तीत रिकाम्या हाताने पाठव. दोघादोघांची जोडी आणि एक वही, बस्स. आता दिघा गाव स्टेशन झालंय. २०२४ च्या आधी ऐरोलीला उतरून मागे यावं लागायचं. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारायचं नाही. आपल्याकडे बघून लोक आपल्याला परवडेल तेच मागतात. त्यापेक्षा "या आठवड्यात कशाकशासाठी रांगेत उभं राहावं लागलं?" असं विचारा. वही आपोआप भरते.

मग त्यातलं एकच काम निवडा, आणि निवड पोरांना करू दे. समज, गल्लीतला दिवा बंद आहे. आधी जागा कोणाची ते शोधायला लाव, महापालिकेची, एमआयडीसीची की रेल्वेची. त्या पट्ट्यात हे भल्याभल्यांना चकवतं. आमच्या पोरांनी पहिला अर्ज भलत्याच दारात नेऊन दिला होता. दुसरा बरोबर जागी दिला, पण देणारा पोरगा हात हलवत परत आला. "पोच घेतलीस का?" "काका, साहेब चांगले होते, ठेवून घेतला." महिन्याने विचारायला गेलो तेव्हा दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. चूक त्याची नव्हती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा असतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. माहिती अधिकाराचा अर्जही त्यांच्याच हाताने लिहून घे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. मजकूर तू सांगू नकोस. दोनदा चुकेल, चुकू दे.

पैशाचंही तेच. संघाला कमिटीकडून दोन हजार मागून घे आणि ते सोळा-सतरा वर्षांच्या कुणाकडे तरी ठेवायला दे. हिशेब त्यानेच मंडळीच्या सभेत उभं राहून वाचायचा. आमच्याकडे एकीने "किरकोळ ३४०" असं वाचलं आणि मागच्या बाकावरून एका आजींनी विचारलं, "किरकोळ म्हणजे काय गं बाळ?" त्यानंतर तिच्या वहीत तो शब्द कधी आला नाही. वडीलमंडळी कुरकुरतील, पोरांच्या हातात पैसे कसले देता म्हणून. त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण दे. दुष्काळातून केडगावला आणलेल्या पोरींना त्यांनी नुसतं जेवू घातलं नाही, छापखाना चालवायला शिकवला.

आता एक गोष्ट जिथे चूक चालणार नाही. वस्तीतल्या लहान मुलांचा अभ्यासवर्ग घ्याल तेव्हा खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. एखाद्या मुलाने अंगाला हात लावल्याबद्दल काही सांगितलं, तर ते "मंडळीतल्या मंडळीत मिटवू" असं म्हणणारा कुणीतरी निघेलच, बहुधा चांगल्या मनाचा. ऐकू नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येक पोराच्या फोनमध्ये असू दे.

रक्तदान शिबिर घ्यायचं तर मेमध्ये घ्या, तेव्हा कॉलेजं बंद असतात आणि रक्ताची चणचण असते. अठराच्या खालची आणि पंचेचाळीस किलोच्या आतली पोरं हिरमुसतात. त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसव.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. वह्या वाटाल तेव्हा आत शुभवर्तमानाचं पत्रक सरकवू नका. यावरून माझं कमिटीतल्या दोघांशी वाजलं होतं, अजून ते जरा लांबूनच सलाम करतात. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही धुतले, बदल्यात काही मागितलं नाही. शिवाय आपल्या लेकराला वर्गाला पाठवणाऱ्या आईला या वहीची किंमत काय, असा प्रश्न पडता कामा नये.

तो कोटवाला प्रसंग पोरांना सांगायला हरकत नाही, माझं नाव घेऊन सांग. रेशनकार्डाची दुय्यम प्रत कशी काढतात ते मी नंतर शिकलो. पण त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. पाण्यानंतर ती गल्लीच उठली होती.

पहिल्या रविवारी मीही येतो, मागे उभा राहीन. वाटेत विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं असेल तर लोकलने येईन, थोडा उशीर होईल. माझ्यासाठी थांबू नका.

तुझा,
काका