कामावर परतल्यानंतर अंगावरचे दूध: वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरे

प्रश्न : प्रसूती रजा संपवून मी नुकतीच कामावर रुजू झाले आहे. बाळ पाच महिन्यांचे असून आतापर्यंत ते पूर्णपणे माझ्या अंगावरच पीत होते. घराबाहेर असते त्या दहा तासांत मी दोनदा विजेच्या पंपाने दूध काढते. परंतु दोन्ही बाजूंचे मिळून एका वेळी जेमतेम ७० मिलिलिटर निघते. माझ्या विभागातील एक सहकारी तेवढ्याच वेळात बाटली भरून नेते. माझे दूध आटत चालले आहे का? वरचे दूध आताच सुरू करावे का?

उत्तर : दूध आटत चालले आहे, असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. बाळाला अंगावर पाजत असलेल्या आईला पंपाने एका वेळी दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ६० ते १२० मिलिलिटर दूध मिळते, त्यामुळे ७० हा आकडा घाबरण्यासारखा मुळीच नाही. तुमच्या सहकारीचे शरीर वेगळे, तिच्या स्तनांची दूध साठवण्याची क्षमता वेगळी आणि कदाचित तिचे बाळ अंगावर कमी पीत असेल. तेव्हा तिच्या बाटलीशी तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय बाळ जितके ओढून घेते तितके पंपाला सहसा काढता येत नाही. दूध पुरते की नाही हे बाळाचे वजन आणि दिवसभरातील ओली लंगोटे सांगतात, पंपाच्या बाटलीवरील रेषा नव्हे.

मात्र एक हिशेब मांडून पाहा. एक ते सहा महिन्यांचे बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते, म्हणजे ताशी अंदाजे ३० मिलिलिटर. दहा तासांसाठी सुमारे ३०० मिलिलिटर लागेल आणि तुमच्या दोन वेळांचे मिळून होते १४०. अडचण दुधात नसून वेळांच्या संख्येत आहे. स्तनात दूध भरून राहिले की त्यातीलच एक घटक पुढील दूध तयार होण्याचा वेग मंदावतो आणि दूध निघून गेले की तो वेग पुन्हा वाढतो, म्हणून दोनदा अर्धा-अर्धा तास बसण्यापेक्षा तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे दूध काढणे केव्हाही फायद्याचे. निघण्यापूर्वी आणि घरी आल्याबरोबर बाळाला अंगावर घ्यावे. पहाटेच्या पाजण्यानंतर तासाभराने आणखी एकदा पंप लावता आला तर उरलेली तूट बरीचशी भरून निघते, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री जास्त असते आणि सकाळी पुष्कळ जणींना अधिक दूध मिळते. काही बाळे आई नसताना थोडेच पितात आणि रात्री अंगावर पिऊन भरपाई करतात. झोपमोड होते खरी, पण दूध टिकून राहण्यास त्याचा हातभारच लागतो.

पंप लावला म्हणजे लगेच दूध वाहू लागेल असे नाही. आधी पान्हा फुटावा लागतो. तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो आणि घाई, संकोच किंवा दार कोणी ठोठावील ही धास्ती असली की अडतो. बाटलीकडे टक लावून बसणे हे त्यातले सर्वांत हमखास कारण, असे माझे मत आहे. बाटलीवर सरळ बाळाचा मोजा चढवावा, म्हणजे रेषा दिसणारच नाहीत. सुरुवातीची मिनिट-दोन मिनिटे हलकी व जलद गती ठेवावी, दूध वाहू लागले की संथ व खोल गतीवर यावे आणि शेवटी हाताने थोडे दाबून काढावे. या शेवटच्या दुधात स्निग्धांशही अधिक असतो. ओढ जितकी जोराची तितके दूध जास्त, हा गैरसमज आहे. दुखू लागले की पान्हा उलट अडतो.

पंपाचीही एकदा तपासणी करा. फनेलच्या नळीत स्तनाग्र मोकळेपणाने पुढे-मागे सरकले पाहिजे. ते कडांना घासत असेल तर माप लहान आहे आणि भोवतालचा काळसर भागही बराच आत ओढला जात असेल तर माप मोठे आहे. पंपासोबत आलेले माप प्रत्येकीला बसतेच असे नाही. व्हॉल्वचा रबरी पडदा सैल पडला तरीही ओढ कमी होते आणि दोष मात्र बिचाऱ्या आईच्या दुधाला दिला जातो.

हे सारे करूनही बाळाचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; तेव्हा पहिला प्रयत्न तिसऱ्या वेळेचा करावा.

प्रश्न : सूनबाई कामावर गेल्यावर नातवाला दूध मी पाजते. फ्रिजमधील दुधाचे दोन थर झालेले दिसतात. परवा दुधाला साबणासारखा वास आला म्हणून मी ते ओतून दिले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. बाटलीत उरलेले दूध पुन्हा पाजावे का?

उत्तर : आपली काळजी योग्य आहे, पण सूनबाईंचे वाईट वाटणेही समजण्यासारखे आहे. स्निग्धांश वर येऊन थर होणे स्वाभाविक आहे. बाटली हलकेच फिरवली की ते मिसळतात. साबणासारखा वास दुधातील लायपेज या विकरामुळे स्निग्धांशाचे विघटन होऊन येतो आणि असे दूध बाळाला बाधत नाही. बाळ ते पीत असेल तर खुशाल पाजावे. नाकारत असेल तर पुढील वेळी ताजे दूध काढल्याबरोबर, कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून आणि लगेच गार करून ठेवावे. एकदा आलेला वास तापवून जात नाही. आंबूस, कुजका वास मात्र निराळा. ते दूध टाकून द्यावे.

ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सुमारे सहा महिने चांगले राहते. गोठवलेले दूध पूर्ण वितळल्यावर फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत वापरावे, पुन्हा गोठवू नये. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतील दूध दोन तासांच्या आत संपवावे, नंतर ते ठेवू नये. म्हणून एका वेळी ६० मिलिलिटरच ओतून घ्यावे आणि लागल्यास आणखी द्यावे. बाटली कोमट पाण्यात ठेवून दूध कोमट करावे. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग जास्त तापतो आणि बाळाचे तोंड भाजू शकते. पाजताना बाळाला जरा उठते धरावे, बाटली आडवी ठेवावी आणि मधूनमधून थांबावे, म्हणजे भूक नसताना दूध घटाघट उतरणार नाही आणि सूनबाईंनी ठेवलेले पुरेल.

प्रश्न : आमच्या कार्यालयात दूध काढण्यासाठी जागा नाही. वरिष्ठांकडे हा विषय कसा काढावा? बैठक लांबली तर काय करावे?

उत्तर : तोंडी कुरकुर करण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि त्यात नेमके मागावे : आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, विजेची सोय, हात धुण्यासाठी जवळ पाणी आणि पंधरा-वीस मिनिटांच्या तीन वेळा. स्वच्छतागृहाचा पर्याय सुचवला गेल्यास नम्रपणे नाकारावा, कारण काढलेले दूध हे बाळाचे अन्न आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ व्या करारानुसार स्तनपानासाठीची सुट्टी कामाच्या वेळेत मोजून तिचा मोबदला दिला पाहिजे. हा करार स्वीकारलेल्या देशांनाच तो बंधनकारक असल्याने आपल्या देशातील कायदा काय म्हणतो, हे अर्जापूर्वी पाहून घ्यावे.

बैठक लांबलीच तर ताण कमी होईल इतकेच दूध हाताने काढावे आणि पुढची वेळ चुकवू नये. स्तन लाल, गरम झाला आणि दुखू लागला तर जोरजोराने चोळू नये. गार पट्ट्या ठेवाव्यात आणि नेहमीप्रमाणे पाजत राहावे. ताप आला किंवा चोवीस तासांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.