रंगीत मंगासंग्रहात चित्रं अप्रतिम असतात, मग गोष्ट अर्धवट का वाटते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'रोबोट'सारखे पूर्ण रंगीत मंगासंग्रह, म्हणजे अनेक चित्रकारांच्या जपानी चित्रकथांची पुस्तकं, बघताना डोळे सुखावतात, पण गोष्ट हाताला लागत नाही, असं का? आणि तुम्ही चार मित्र असाच मराठी संग्रह छापायचा म्हणताय, तर त्यात हे कसं टाळायचं? आधी 'का' बघू, कारण चूक नेमकी कुठे होते ते तिथेच कळतं.

'रोबोट'चे संपादक मुराता रेंजी (इंग्रजीत रेंज मुराता). वानी मॅगझिन या जपानी प्रकाशकाने तो 2004मध्ये सुरू केला. मुराता स्वतः पात्ररचनाकार; 'लास्ट एक्झाइल' या 2003च्या ॲनिमेतली (जपानी ॲनिमेशन मालिकेतली) पात्रं त्यांची. संग्रहातले दुसरे चित्रकार आबे योशितोशीही 'लेन' आणि 'हाइबाने रेन्मेई' या ॲनिमेंमुळे ओळखले जातात. एका चित्रात अख्खं जग उभं करण्यात ही मंडळी पटाईत. अशा हातांना मोजकी पानं आणि मनासारखे रंग दिले की पहिली चार पानं जग दाखवण्यात जातात आणि गोष्ट सुरू होते तिथेच 'क्रमशः' येतं. याच संग्रहातली आसादा हिरोयुकी यांची 'पेझ' ही गोष्ट अशीच भागाभागाने येत गेली. साप्ताहिकात 'क्रमशः' चालतं, कारण पुढचा अंक सात दिवसांत हातात असतो. असा संग्रह महिनोन्‌महिने येत नाही, तोवर मागचं कोण लक्षात ठेवणार?

दुसरं कारण निव्वळ हिशोबाचं आहे. 'शोनेन जंप' या जपानी मंगा साप्ताहिकात एका आठवड्याचं प्रकरण साधारण 19 पानांचं असतं: खरखरीत कागद, एकच शाई, हाताखाली मदतनीस. रंगीत पानं मिळाली तर सुरुवातीची दोन-चार, तीही मानाची म्हणून. पूर्ण रंगीत पानाला एकट्या माणसाने दोन ते तीन दिवस धरावेत. म्हणजे मदतनिसांचे दिवस धरले तरी तेवढ्याच श्रमात 19ऐवजी आठेक पानं होतात, आणि गोष्ट मात्र 19 पानांचीच डोक्यात असते. इथेच ती गुदमरते.

तिसरं कारण डोळ्याचं. काळ्यापांढऱ्या पानावर पांढरी जागा नजरेला पुढे ढकलते. धावणारा माणूस, चार वेगरेषा, मागे काही नाही, की नजर पुढच्या चौकटीत पोचलीच. रंगीत पानावर तीच पांढरी जागा भरावीशी वाटते. मग मागे भिंत येते, भिंतीवर ऊन येतं, उन्हात धूळ येते आणि नजर तिथेच बसकण मारते. सगळ्याच चौकटी थांबवायला लागल्या की वाचणं संपतं, नुसतं बघणं उरतं.

रंग गोष्टीला मारतोच असं मात्र नाही. 'अकिरा' या काळ्यापांढऱ्या मंगाची इंग्रजी आवृत्ती 1988पासून अमेरिकी कॉमिक्स कंपनी मार्व्हलच्या एपिक या शाखेने काढली, तेव्हा स्टीव्ह ऑलिफ यांनी ती संगणकावर रंगवली. ती रंगातही धावते, कारण गती रेषेत आधीच पक्की होती आणि पानांची चणचण नव्हती. तुमच्याकडे पानं कमी आहेत. तेव्हा निदान क्रम तरी तोच ठेवा: आधी गोष्ट पक्की, मग रंग.

आता कामाचं. जपानी संपादक कच्च्या आराखड्याला 'नेम' म्हणतात: चौकटी, बोलण्याचे फुगे, त्यांतले संवाद आणि काड्यांची माणसं. चौघांचे नेम संपादकाने वाचून संमत होईपर्यंत कोणीही रंगाला हात लावायचा नाही. चौघांपैकी एकाने संपादकच व्हायचं आणि स्वतःची गोष्ट तपासायला दुसऱ्याला द्यायची. आठ पानं, पानाला सरासरी चार-पाच चौकटी, म्हणजे सगळ्या मिळून 32-40. यात एक प्रसंग मावतो, दोन माणसं मावतात, एक उलटापालट मावते. नायकाचं बालपण मावत नाही.

समजा, दोघं बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेत आणि त्यांच्यात जुनं भांडण आहे. आठही पानं लिफ्टमधल्या इमर्जन्सी दिव्याच्या मळकट पिवळ्यात ठेवा, मागे सपाट रंग, कपडे दोनच छटांत. दार उघडतं त्या एकाच चौकटीत जिन्यातल्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा येऊ द्या. तिथे हवं तेवढं काम करा, जिन्याच्या कठड्यावरचा गंजसुद्धा दाखवा, कारण वाचकाने थांबावं असं गोष्टीलाच तिथे वाटतंय. माझ्या मते आठ पानांत अशा दोनच जागा पुरतात.

दार उघडायची ती चौकट कुठे येते तेही महत्त्वाचं. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचलं जातं, विषम पान उजवीकडे असतं. धक्का पान उलटल्यावर बसायला हवा, म्हणजे सम पानावर, डावीकडे. जपानी पुस्तकाची बांधणी उजवीकडे असते, तिथली रचना जशीच्या तशी उचललीत तर फुग्यांचा क्रम पार उलटा होईल. चौघांनी वाचनाची दिशा पहिल्याच दिवशी ठरवा.

संग्रहात हमखास होणारी चूक वेगळीच. एका गोष्टीचं शेवटचं पान डावीकडे आणि दुसरीचं पहिलं त्याच्यासमोर उजवीकडे. पहिली निळ्यात संपते, दुसरी भगव्यात सुरू होते आणि दोन्ही एकमेकींना खातात. म्हणून प्रत्येक गोष्टीआधी दोन शांत पानं ठेवा: उजवीकडे साधं शीर्षक, ते उलटल्यावर डावीकडे पेन्सिलीचं कच्चं चित्र, आणि त्याच्यासमोर गोष्टीचं पहिलं पान. म्हणजे गोष्टीमागे 10 पानं, चार गोष्टींची 40, आणि अनुक्रमणिका, संपादकीय, परिचय यांना आठ. एकूण 48, म्हणजे 16 पानांचे बरोबर तीन फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्म). पाचवा मित्र आला तर थेट 64वर जावं लागेल. (दिवाळी अंकवाल्यांना हे गणित तोंडपाठ असतं. एखादा ओळखीचा असेल तर त्याच्याकडे चहाला जाऊन या.)

अक्षरांचं बघा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. इंग्रजी फुग्याच्या मापात मराठी ओळी एकमेकींत घुसतात. टंक साडेआठ-नऊ पॉइंट, ओळींतलं अंतर त्याच्या दीडपट, आणि पानावर साठ-सत्तर शब्दांच्या वर नको. 'धाडकन', 'खळ्ळ' असे आवाज चित्रकारानेच हाताने लिहावेत आणि त्यांची जागा नेममध्येच राखावी. रंगवून झालेल्या चित्रावर नंतर चिकटवलेला आवाज स्टिकरसारखा दिसतो.

फाइल करताना रंग 300 ते 350 डीपीआयवर (इंचामागे ठिपके), काळी रेषा वेगळ्या थरावर 600वर, चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कडा कापताना जाणारं जास्तीचं चित्र). मजकूर फक्त काळ्या शाईत, 100 टक्के. रंगीत छपाईच्या चारही शायांचा (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) मिळून काळा वापरलात तर छपाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना लाल-निळी किनार दिसते. गडद रात्रीच्या पानांवर चारही शायांची बेरीज आर्ट पेपरसाठी 300 टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा, जांभळा कागदावर येत नाही, तेव्हा छापखान्याकडून सगळ्यात गडद आणि सगळ्यात भडक अशा दोन पानांचं प्रूफ (नमुना छपाई) आधी मागा.

आणि छापायला देण्याआधी प्रत्येक गोष्ट एकदा ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटांत) करून, फुगे लपवून, गोष्ट माहीत नसलेल्या कोणाला तरी दाखवा. कोण बोलतंय आणि नजर कुठून कुठे जाते हे त्याला बोटाने दाखवता आलं नाही, तर त्या पानाचा नेम पुन्हा करा. रंग बदलून ते पान सुधारणार नाही.