छत नंतर काप

प्रिय मित्रा,

तुझ्या प्लास्टिकच्या मॉडेल गाडीत करायच्या बदलांची यादी मिळाली. १९४९ ची अमेरिकी मर्क्युरी, छत ४ इंच खाली, गाडी जमिनीला टेकेल इतकी बसकी, दारांची हँडलं गायब, बॉनेट फाडून वर आलेलं इंजिन, मेटॅलिक जांभळा रंग आणि त्यावर ज्वाळा. पहिलंच कस्टम, म्हणजे मनाप्रमाणे बदललेली गाडी, आणि एवढा मोठा घाट! हौस बघून बरं वाटलं. तरी छताचं काम या गाडीवर करू नकोस. का, ते जरा सविस्तर ऐक.

तुझं किट १/२५ मापाचं आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं. त्यात ४ इंच होतात जेमतेम ४ मिलिमीटर. एवढंसं कापायला काय लागतं, असं तुला वाटत असणार. कापायला खरंच काही लागत नाही, पंचाईत त्यानंतर सुरू होते. छताचे खांब सरळ उभे नसतात. पुढचे मागे कललेले, मागचे पुढे, आणि दोन्ही बाजूंचे थोडे आत. मधला तुकडा काढून छत खाली आणलंस की वरची टोकं खालच्या टोकांवर बसतच नाहीत, आत सरकतात. मग एकतर छत आडवं कापून मध्ये प्लास्टिकची पट्टी घालायची, नाहीतर खांबांच्या बुडाशी चीर देऊन ते आत कलते करायचे. मर्क्युरीत मागच्या काचेभोवतीचा भाग इतका उतरता आहे की तो वेगळा कापून पुढे झुकवावा लागतो, तेव्हा कुठे रेषा जमते. खऱ्या मर्क्युरीवर काम करणाऱ्यांनाही हाच भाग छळतो. १९३२ च्या फोर्ड कूपेचे खांब त्या मानाने उभे, शिकायचं तर तिच्यावर.

बरं, छत बसलं. आता किटमधली काच बसत नाही. सपाट काच पारदर्शक शीटमधून कापता येते, पण गोलाई असलेली काच खालून घासत घासत उतरवावी लागते, आणि तिला तडा जायला एक चुकीचा दाब पुरतो. काच बसली तर स्टिअरिंग आणि सीटची पाठ छताला लागते. सीट खाली घ्यायची तर तिचं बूड घासायचं, आणि तेही पुरलं नाही तर फरशी खाली न्यायची, तिथे चॅसिस आडवी येते. एक बदल केला की त्याच्यामागून येणारे चार बदल निस्तरण्याची तयारी हवी. कस्टम फसतात ते बहुधा इथेच. पहिला बदल झोकात होतो, मागचे चार तसेच राहतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं.

तरीही पुढेमागे छत कापशीलच, म्हणून हे लिहून ठेव. जेवढं काढायचं तेवढ्याच रुंदीची मास्किंग टेपची पट्टी सगळ्या खांबांवर एकाच उंचीवर लाव. करवत टेपच्या आतल्या अंगाने चालव, कारण पातं स्वतःच थोडं प्लास्टिक खातं आणि ती घट टाकायच्या तुकड्यात गेलेली बरी. कापायच्या आधी बॉडीच्या आतून डावीकडून उजवीकडे स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा) एक तुकडा आडवा चिकटव, नाहीतर छत सुटताच दोन्ही बाजू फाकतात. जोडाच्या फटी पुट्टीने भरू नकोस. पुट्टी सुकताना आक्रसते आणि रंग दिल्यानंतर काही आठवड्यांनी तिथे हलकी रेघ उमटते. फटीत प्लास्टिकचीच चीप घाल, प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट सोड, दोन्ही वितळून एक होऊ देत, चांगले काही दिवस थांब, मग घास. पुट्टी फक्त ओरखड्यांपुरती.

या गाडीवर मात्र उंची आणि चाकं एवढंच कर. गाडी बसकी करणं हे सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त दिसणारं काम आहे. काहीही कायमचं चिकटवण्याआधी चाकं, चॅसिस, बॉडी टेपने आणि चिकणमातीने तात्पुरती उभी कर आणि टेबलाच्या पातळीवर डोळा आणून बाजूने बघ. वरून बघून काही कळत नाही. पुढून २ मिलिमीटर खाली घेतलंस तरी गाडीचा सगळा नूर बदलतो. चाक मडगार्डला लागतंय का, पुढची चाकं वळवल्यावर काय होतं, तेही तेव्हाच तपास. शेवटी काचेच्या तुकड्यावर ठेवून चारही चाकं टेकतात का बघ. एक चाक अधांतरी असलेली गाडी कितीही चमकवली तरी खेळणं वाटते.

दुसऱ्या किटमधली चाकं वापरायला हरकत नाही. एएमटी या अमेरिकी किट कंपनीने १९५८ मध्ये ‘थ्री इन वन’, म्हणजे एकाच गाडीची तीन रूपं करता येणारी किट आणली, तेव्हापासून अमेरिकी किटमध्ये जादा भाग येत आलेत. ते टाकू नकोस, एका डब्यात साठव. १/२४ ची चाकं १/२५ च्या गाडीवर खपून जातात, काच किंवा बंपर खपत नाहीत. साडेचार मीटरची गाडी १/२५ मापात १८० मिलिमीटर, १/२४ मध्ये १८७.५. फरक हाताला लागतो.

हँडलं घासून काढ, खुशाल. दारांच्या खोबणी मात्र आधी सुरीच्या मागच्या बाजूने थोड्या खोल करून घे, रंगाने त्या बुजतात.

जांभळ्याबद्दल. खऱ्या गाडीच्या मेटॅलिक रंगातले कण २५ पटींनी लहान होत नाहीत, त्यामुळे तो रंग मॉडेलवर भरड दिसतो. मॉडेलसाठीचा बारीक कणांचा रंग घे. गाड्यांच्या स्प्रेमधला लॅकर उघड्या प्लास्टिकला खातो, प्रायमरशिवाय मारायचा नाही. इनॅमलवर लॅकर तर कधीच नाही, सुरकुत्या येतात. हात पातळ मार. रंग वाळला का, हे बोटाने नाही, नाकाने तपासायचं: बॉडी नाकाजवळ धर, वास येत असेल तर अजून थांब. आणि फवारताना सॉल्व्हेंटच्या वाफा अडवणारा मास्क हवा. साधा कापडी मास्क त्यासाठी बिनकामाचा.

ज्वाळांवर माझं मत विचारलंच आहेस म्हणून सांगतो, नकोत. बसक्या मर्क्युरीला एकच खोल रंग शोभतो. पटत नसेल तर मार, गाडी तुझी आहे.

इंजिन बॉनेटखालीच राहू दे आणि प्लगच्या वायरी घाल. खरी वायर ७-८ मिलिमीटर जाड असते, तुझ्या मापात साधारण ०.३. बहुतेक जण याच्या दुप्पट जाड वायर घालतात आणि इंजिनातून बागेचे पाइप निघाल्यासारखे दिसतात.

प्रायमर मारण्याआधी बाजूने काढलेला एक फोटो पाठव.

तुझा,
काका

ता. क. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर प्लास्टिकच्या रिमला लागून वर्षानुवर्षं राहिले की रिम वितळवतात. टायर चढवायच्या आधी रिमवर ॲल्युमिनियम फॉइलची पातळ पट्टी गुंडाळ.