आईच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पल्मनरी हायपरटेन्शन आलंय, यावर उपचार काय असतात? (फोंडा)

गोळीचं नाव विचारण्याआधी कारण विचारा. पल्मनरी हायपरटेन्शन म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब; तो कशामुळे वाढला, त्यावर सगळं अवलंबून असतं. बहुतेकांमध्ये मूळ दुखणं हृदयाच्या डाव्या बाजूचं किंवा फुप्फुसांचंच असतं. तिथे झडप, बीपी, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) यांचे उपचार, सूज उतरवायला लघवीची गोळी आणि गरज असल्यास ऑक्सिजन. अशांना फुप्फुसातला दाब कमी करणाऱ्या खास गोळ्या उगाच दिल्या तर अपायही होऊ शकतो.

त्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेंटन, अँब्रिसेंटन, मुख्यतः फुप्फुसाच्या धमन्यांच्याच आजारासाठी. बऱ्याचदा दोन एकत्र देतात. सिल्डेनाफिल म्हणजे हो, व्हायाग्रातलंच औषध. आईच्या चिठ्ठीवर दिसलं तर दचकू नका, पण ती छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट घेत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, दोन्ही मिळून बीपी धोकादायकरीत्या उतरतं. बोसेंटनवर दर महिन्याला यकृताची तपासणी लागते.

फुप्फुसाच्या धमन्यांतल्या रक्ताच्या जुन्या गुठळ्या हे कारण असेल तर शस्त्रक्रियेने आजार बराच आटोक्यात येऊ शकतो, म्हणून व्ही-क्यू स्कॅनबद्दल (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं हे दाखवणारी तपासणी) जरूर विचारा.

इकोतला आकडा अंदाज असतो. धमन्यांच्या आजाराचा पक्का निर्णय हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीनंतरच (बारीक नळी आत घालून दाब मोजतात). सरासरी दाब २० मिमीच्या (पारा) वर असेल तर पल्मनरी हायपरटेन्शन पक्कं; तो धमन्यांचाच आजार आहे का, हे त्याच तपासणीतल्या बाकीच्या आकड्यांवरून ठरतं. फोंड्याहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) काही लांब नाही, रिपोर्ट घेऊन तिथल्या हृदयरोग विभागात दाखवा. आई चक्कर येऊन पडली किंवा ओठ निळे दिसले, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता थेट १०८.