अर्धा इंची नट दोन आट्यांत का अडकला?

प्रश्न: काका, आयटीआय करून वागळे इस्टेटला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागलोय. तिथल्या जुन्या इंग्लिश लेथच्या अर्धा इंची बोल्टला अमेरिकन कंप्रेसरचा अर्धा इंची नट लावत होतो, दोन आटे गेला आणि जॅम. मिस्त्री म्हणतात, बोल्ट व्हिटवर्थचा आहे, हा नट नाय चालायचा. हा व्हिटवर्थ कोण? आटे त्यानेच शोधले का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: पाना लावून जोर नाही ना केलास? केला असशील तर आधी बोल्टचे आटे बघून ये.

आटे त्याच्या आधीपासून होते रे. जोसेफ व्हिटवर्थ 1803 चा, इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टचा, मास्तरांचा मुलगा. घरच्यांनी नातलगाच्या सूतगिरणीत चिकटवला पण पोराचं लक्ष सगळं मशीनमध्ये, शेवटी 1825 ला लंडनला हेन्री मॉडस्लेच्या वर्कशॉपमध्ये गेला, आणि आटे पाडायच्या लेथसाठी मॉडस्लेचं नाव तेव्हाच मोठं होतं. भानगड वेगळीच होती, प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले, बोल्ट हरवला की परत त्याच दारात जायचं. याने काय केलं तर ठिकठिकाणच्या वर्कशॉपमधले बोल्ट गोळा केले, मोजले, साधारण सरासरी काढली आणि 1841 ला इंजिनिअर लोकांपुढे मांडलं: आट्याच्या दोन उतारांमधला कोन 55 अंश, आणि कुठल्या जाडीला इंचात किती आटे ते ठरलेलं. अर्ध्या इंचाला 12. पुढे त्याने इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं मशीनही केलं, पण मला विचारशील तर ती बोल्टांची सरासरीच भारी.

अमेरिकेने नंतर 60 अंश धरला, अर्ध्या इंचाला 13 आटे. म्हणून तुझा नट ढिलाईवर दोन आटे गेला, पुढे फरक साठत गेला आणि बसला. तीन अष्टमांशला दोन्हीकडे 16 च आहेत, तिथे कोन वेगळा असूनही नट सरळ जातो आणि माणूस फसतो.

तेव्हा दुकानात नुसतं चार सुती, म्हणजे अर्धा इंची, मागू नकोस, बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) सांग आणि थ्रेड गेज, म्हणजे आटे जुळवून बघायच्या दातेरी पट्ट्या, खिशात ठेव. आणि घरी अर्धा इंची नळ काढलास तर त्याचे आटेही मोज, बाहेरून जवळपास 21 मिलिमीटर भरेल कारण तो अर्धा इंच पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे, इंचात आटे 14, पण कोन तोच, 55.