स्टॉक जुळत नाही तेव्हा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उलटली की समुपदेशनासाठी माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधता बांधता चुलतभावंडांच्या पगारांचा विषय निघालेला असतो. कुणी बंगळुरूला आयटीत, कुणी पुण्यात. मग पंधरा दिवसांनी तिशीतला एखादा मुलगा, नाहीतर दोन मुलांची आई समोर बसून विचारते, "मॅडम, नोकरी सांभाळून कॉम्प्युटर शिकायला घेतलंय. उशीर तर नाही ना झाला?"

त्यातलाच हा एक, फोंडा तालुक्यातला. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. वय २९, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या स्टोअरमध्ये पाळीची नोकरी, आणि इग्नू या मुक्त विद्यापीठातून बीसीए, म्हणजे संगणकाची पदवी. प्रोग्रॅमिंगचा पेपर राहिला आणि त्याने पुस्तकं कपाटावर टाकली.

पहिल्या दोन भेटी वयातच गेल्या. मी त्यात फार रमले नाही. इग्नूचं बीसीए किमान ३ वर्षांत करता येतं आणि त्याला कमाल ६ वर्षं मिळतात. ही सवड नोकरी करणाऱ्यांसाठीच तर आहे, ती वापरण्यात कमीपणा कसला? घरच्यांना "दूरशिक्षणाची पदवी चालते का?" अशी धास्ती असते. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरते. प्रवेशाआधी मान्यता तेवढी तपासावी.

पण त्याचं दुखणं वय नव्हतंच. तिसऱ्या भेटीत ते बाहेर आलं. "रात्री बारापर्यंत बसतो. बारा महिन्यांच्या स्टॉकची साधी बेरीज, तीही भलतीच येते. मग वाटतं, आपल्याला बुद्धीच नाही."

"स्टोअरमध्ये स्टॉक जुळला नाही तर काय करता?"

"शेवटचा कधी जुळला होता ते बघतो. तिथून एकेक चलन तपासत येतो."

"तेव्हा वाटतं, बुद्धी नाही म्हणून?"

तो जवळजवळ चिडलाच. "त्यात बुद्धीचा काय संबंध, मॅडम? फरक कुठेतरी असतोच. शोधायचा असतो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पूर्वी मी लगेच अर्थ समजावून मोकळी व्हायचे. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग तो स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "तेच करायचंय की."

पुढच्या खेपेला वही घेऊनच आला. मला सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, तरी त्याने समजावलं. बारा खाने असले तरी मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचा खाना अकरावा. त्याने १ ते १२ मोजले होते. जानेवारी गळाला आणि शेवटी नसलेल्या खान्यातला कचरा बेरजेत आला.

"म्हणजे दुष्काळात तेरावा महिना!" मी म्हटलं. त्यानंतर त्याने वयाचा विषय काढला नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मी जुनी विद्यार्थिनी आहे, पुस्तकांतून. चुकलेल्या बेरजेने माणूस खचत नाही, त्या बेरजेवरून तो स्वतःविषयी जो निवाडा देतो त्याने खचतो. हे मी शेकडो वेळा सांगितलं असेन; चलनांचं उदाहरण मात्र त्याचं.

म्हणून अशा सगळ्यांना माझं सांगणं असतं की नोकरी सोडू नका, तिच्यातलंच काहीतरी अभ्यासाला घ्या. हॉटेलच्या रिसेप्शनवर असाल तर खोल्यांचं बुकिंग, दुकानात असाल तर उधारीची वही. रोज पाऊण तास पुरतो, पण पाळी बदलली की वेळही बदला; रविवारच्या भरवशावर राहू नका, गोव्यात रविवारी कुणाचं ना कुणाचं जेवण असतंच. धडा कळला नाही तर आयआयटी आणि आयआयएससीने २००३ पासून चालवलेली एनपीटीईएल या उपक्रमाची ऑनलाइन व्याख्यानं फुकट ऐकता येतात. आणि चूक सापडली की कुणाला तरी समजावून सांगा, माझ्यासारख्या अडाण्याला सांगितलंत तर उत्तमच.

त्याची डिसेंबरची परीक्षा अजून व्हायची आहे. कोणत्या औषधाची मुदत आधी संपते ते दाखवणारा छोटासा प्रोग्रॅम त्याने औषधांची मनानेच ठरवलेली नावं घालून लिहिलाय. पहिल्याच दिवशी त्यात मुदत संपलेली बॅच चांगली दाखवली गेली. फोनवर तेच सांगत होता. "शोधतोय," म्हणाला, आणि त्या नादात ठरलेली भेट पुढच्या महिन्यावर ढकलली.